कळंबा ते उद्यमनगर, साडेचार किलोमीटर: बंद गाडी स्वस्तात कशी न्यावी?

कळंब्याची_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकरांना आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या सगळ्यांनाच प्रश्न आहे.

आबांची मारुती ८००, जून २००८ची. कळंब्याच्या घरी अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी आहे. २०२३च्या जूनमध्ये आरसीची (नोंदणीची) १५ वर्षं संपली, त्याच पावसाळ्यात आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. आबा दर रविवारी तिला फडकं मारतात, काच खाली करून आत बसून पेपर वाचतात. हलवत मात्र कुणी नाही.

मी पुण्यात असते, आठ दिवसांची रजा काढून आले आहे. आरसीच्या नूतनीकरणाला आरटीओत गाडी दाखवावी लागते. म्हणजे आधी ती चालायला हवी. चालायला हवी तर गॅरेजला जायला हवी. आणि गॅरेजला जायला ती चालत नाही. या चक्रात माझे दोन दिवस गेले.

गॅरेज उद्यमनगरात आहे. अंतर मोबाइल दाखवतो साडेचार किलोमीटर. टोइंगसाठी फोन केले. पहिला म्हणाला, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाठवतो, ३,५०० रुपये. दुसरा २,८००, ‘आणि चाकं फिरत नसतील तर लोडिंगचं वेगळं’. तिसरा नंबर नेटवर सगळ्यात वर आला होता. गोड आवाजाची मुलगी, ‘मॅम, ४९९ बुकिंगचे भरा, बाकीचे ड्रायव्हरला द्या.’ भरले. दोन तास गाडी नाही, फोन नाही. संध्याकाळी मेसेज आला की आपल्या भागात सध्या वाहन उपलब्ध नाही, रक्कम सात दिवसांत परत मिळेल. फोनवर त्या मुलीच्या मागे गाड्यांच्या हॉर्नचे आवाज नव्हते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

३,५०० भागिले साडेचार म्हणजे किलोमीटरला पावणेआठशे. तेवढ्यात मी पुण्याहून एसटीने घरी येते आणि वाटेत चहा-नाश्ताही होतो.

मामेभाऊ म्हणतो, दोर आण, माझ्या बोलेरोनं ओढून नेऊ, डिझेल तेवढं घाल. आबा म्हणतात, दोर बांधून न्यायला ती काय म्हैस आहे का. भंगारवाल्याने १६,००० सांगितले होते, त्याला आबांनी फाटकातूनच परत पाठवलं, त्यामुळे तो सल्ला कृपया कुणी देऊ नका.

गाडीची अवस्था: चारही टायर बसलेले, बॅटरी मेलेली, हँडब्रेक तेव्हापासून ओढलेला. तोंड भिंतीकडे.

खडखडाट

एवढं काय त्यात? मार्केट यार्डात छोटा हत्ती टेम्पो उभे असतात. पाचशे रुपये दे, चार पोरं लाव, उचलून टाक वर. आम्ही फ्रीज, कपाट, शेगडी सगळं असंच नेलं.

मोजपट्टी

@खडखडाट, मारुती ८००ची लांबी ३,३३५ मिलिमीटर, म्हणजे अकरा फुटांना थोडी कमी. छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. वजनाचं म्हणाल तर गाडी साडेसहाशे किलोची, तेवढं तो ओढेल. पण मागचे चार फूट हवेत लोंबकळणार, आणि वाटेतल्या संभाजीनगरच्या पहिल्याच गतिरोधकाला तुमचा छोटा हत्ती मागच्या दोन पायांवर उभा राहणार.

१४ फुटी टेम्पोत मावते. पण चढवणार कशी? गोदामासारखा उंच कट्टा लागतो, टेम्पोचा हौदा आणि जमीन एका पातळीत आणायला. अंगणात तो कट्टा कुठून येणार.

खडखडाट

बरं बाबा. फ्रीजच बरा.

ठाणेकर_काका

विमा आहे का गाडीला? बरेच लोक म्हणतात, विम्यात टोइंग असतं. असतं, पण ते नीट समजून घ्या. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत खासगी गाडी जवळच्या गॅरेजला हलवण्याचा खर्च देतात, एका अपघाताला १,५०० रुपयांपर्यंत. अपघाताला. उभी राहून गंजली त्याला नाही. रस्त्यात बंद पडली तर येऊन उचलून नेतात ती रोडसाइड असिस्टन्स वेगळी, पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायची. ती आज घेऊन उद्या फोन करता येईल असं समजू नका, पॉलिसी घेताना गाडी चालू होती हे त्यांनाही बघायचं असतं.

तुमच्याकडे बहुतेक यातलं काहीच नसेल. निदान थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) तरी घ्या, रस्त्यावर गाडी आणायची म्हणजे ती लागतेच. १,००० सीसीच्या आतल्या खासगी गाडीला मूळ हप्ता २०२२मध्ये २,०९४ रुपये ठरला होता, वर जीएसटी.

हायवेवर बंद पडली असती तर गोष्ट निराळी होती. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ फिरवला की गस्तीची गाडी आणि क्रेन येते. कळंब्याच्या अंगणात १०३३ येत नाही.

कळंब्याची_लेक

काका, विमा २०२३लाच संपला. थर्ड पार्टी बघते आज.

मोजपट्टी, तुमचा हत्ती आबांना वाचून दाखवला. बऱ्याच दिवसांनी हसले.

साडेसातची_पॅसेंजर

दोराबद्दल सांगते, कारण मी त्या दोराच्या मागच्या टोकाला होते.

आमची इंडिका, इचलकरंजी रोडला टायमिंग बेल्ट तुटला. दिरांनी जीप आणली, मागच्या शेतातला काथ्याचा दोर आणला आणि मला म्हणाले, वहिनी, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा. फक्त! इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग मेलेलं असतं, वळवायला खांदे निखळतात. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, तोही इंजिनच्या जोरावर चालतो. पहिले दोन-तीन ब्रेक बरे लागले, नंतर पॅडल दगडासारखं झालं. पुढे कुणीतरी सायकलवाला आडवा आला, दिरांनी ब्रेक मारला, मी दोन्ही पायांनी पॅडलवर उभी राहिले आणि तरीही जीपच्या स्टेपनीला जाऊन भेटले. बॉनेट, दोन्ही लाइट, रेडिएटर. ८०० रुपये वाचवायला गेलो आणि १९,००० लागले.

हे झाल्यावर दिरांचे एक वकील मित्र सांगायला आले (आधी कुणी येत नाही) की दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नसतं, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस लागतो, मागे ‘ऑन टो’ अशी पाटी लागते, आणि हे सगळं फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत. आमच्या दोराला पाटी सोडा, साधं लाल फडकंही नव्हतं.

भावाला सांगा, दोर नको. आणि बांधायचाच झाला तर बंपरला नको. बंपर हातात येतो. खाली हूक असतो, त्याला.

बांद्रा_टर्मिनस

मुंबईत तर साधं पार्किंगमधून बाहेर काढायला दोन हजार मागतात. फ्लॅटबेडच घ्या, वाद नको. माझी ऑटोमॅटिक आहे, तिला पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचं वाटोळं होतं, इंजिन बंद असलं की आतलं तेल फिरत नाही. इलेक्ट्रिक गाड्याही तशा ओढायच्या नसतात, त्यांचं कारण वेगळं.

मोजपट्टी

@बांद्रा_टर्मिनस, ८०० ऑटोमॅटिक नाही. न्यूट्रल केली की झालं. उगाच घाबरवू नका.

उद्यमनगरी

ताई, मी गेली बावीस वर्सं उद्यमनगरात हाय. गॅरेज म्हणा न्हाईतर पत्र्याची शेड म्हणा. तुमचं सगळं वाचलं. तुमी सगळ्यास्नी किलोमीटर सांगताय, तितंच चुकतंय.

क्रेनवाला किलोमीटरचं पैसं घेतच न्हाई, निघायचं घेतो. गाडी जाग्यावरनं हलली की डिझेल, ड्रायव्हर, हेल्पर, आणि परत मोकळं यायचं. एक किलोमीटर आसू दे न्हाईतर धा, त्याला सारखंच. म्हणून तुमाला ३,५०० जड वाटतंय आणि त्याला कमी वाटतंय. दोघंबी खोटं न्हाई.

आता स्वस्त कसं व्हतंय ते सांगतो.

पयलं, तुमी फोन करू नगा. तुमचा मेस्त्री कोण हाय त्यास्नी करू द्या. तुमी केला की एकदाचं गिऱ्हाईक, आमी केला की रोजचा माणूस. माझ्याकडं आठवड्याला दोन-तीन गाड्या क्रेननं येत्यात, त्यो मला तुमच्यासारखा भाव सांगंल का? आनी उद्यमनगरात गाडी सोडून मोकळी जाणारी क्रेन रोज एखादी असतीच. तिला जाता जाता कळंब्याला वळवली की निम्म्यात काम.

दुसरं, आनी हे मोठं. तुमच्या गाडीची चाकं फिरत न्हाईत. हँडब्रेक तीन वर्सं ओढून ठेवलाय. मागच्या ड्रममदी ब्रेकचं लायनर गंजून चिकटलेलं आसनार. आशी गाडी उचलायची म्हंजे पुढनं उचलली तर मागची चाकं घासत येनार, म्हणून त्यो फ्लॅटबेड आनतो आनी विंचनं (तार गुंडाळनाऱ्या रहाटानं) वडून चढवतो. तेचं पैसं वेगळं. आनी तोंड भिंतीकडं हाय म्हंजे मागनंच वडायला लागनार. चाकं फिरायला लागली की तुमी गाडी हातानं भाईर काढू शकताय, सरळ करू शकताय, मंग साधी दोन चाकं उचलायची क्रेन बास हाय. ८०० पुढच्या चाकांवर चालती, पुढची उचलली की गिअरबॉक्सला कायबी व्हत न्हाई.

तवा आदी मेस्त्रीला घरी बोलवा. क्रेन मागनं. ड्रमवर चारी अंगानं हातोडीनं हळू ठोकलं की सुटतंय बऱ्याचदा. लई जोरात नगा, ड्रम बिडाचा असतोय, तडा जातो. सुटलं न्हाई तर हँडब्रेकची वायर ढिली करायची, चाक काढून आत बघायचं. टायरला हवा मारायचा पंप आमच्याकडं असतोय. चावी लावून ठिवा न्हाईतर स्टिअरिंग लॉक व्हतंय.

आनी गाडी तितंच चालू करायचा नाद करू नगा. तीन वर्सांचं पेट्रोल हाय टाकीत. नवी बॅटरी लावून सेल्फ मारत बसला तर टाकीतला गाळ पुढं जाऊन फ्युएल पंप, इंजेक्टर सगळं धरंल.

कळंब्याची_लेक

उद्यमनगरी दादा, तुमचं उत्तर आबांनी दोनदा वाचायला लावलं. ‘बिडाचा असतोय’ यावर मान हलवली, म्हणाले, ह्याला कळतंय.

एक शंका. मेस्त्रींना घरी बोलवायचं तर ते येतील का? आबांच्या मेस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढं आहे, आता त्यांचा मुलगा बघतो. मी फोन केला तर म्हणाला, ‘ताई, गाडी आणा, बघतो.’ गाडी आणता येत असती तर मी फोन कशाला केला असता!

उद्यमनगरी

आबास्नी फोन करू द्या. तुमी नगा.

साडेसातची_पॅसेंजर

@कळंब्याची_लेक, आणि क्रेन आली की उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. आमच्याकडं नंतर दारावरचा ओरखडा आधीचा की नंतरचा यावरून अर्धा दिवस गेला होता. पैसे किती, त्यात लोडिंग आलं का, थांबायला लागलं तर किती, हेही आधीच विचारून घ्या.

कळंब्याची_लेक

झालं काम. सविस्तर लिहिते, कारण पुढं कुणाला तरी लागेल.

बुधवारी सकाळी आबांनी स्वतः फोन केला. मेस्त्रींच्या मुलाशी नाही, मेस्त्रींशीच. ‘अरे, माझी गाडी मरायला लागलीय’ एवढंच म्हणाले. साडेअकराला मेस्त्री मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. मांडीवर हातपंप, खिशात हातोडी.

मागच्या उजव्या चाकापाशी बसून मेस्त्रींनी ड्रमवर टिचकी मारावी तशी हातोडी मारायला सुरुवात केली. एका जागी तीन-चार ठोके, मग थोडं सरकून पुन्हा. सुरुवातीला आवाज बद्द यायचा, मातीच्या मडक्यासारखा. दहा-बारा मिनिटांनी एकदम टणत्कार आला. मेस्त्रींनी वर न बघता ‘सुटलं’ म्हटलं. डावं काही सुटेना. त्याला चाक काढून वायर ढिली करावी लागली, पाऊण तास गेला. आतून लाल भुकटी निघाली, चहाच्या गाळणीएवढी तरी असेल.

बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं. कागदाचं. आबांनी एक तुकडा उचलला, त्यावर त्यांच्याच अक्षरात अर्धवट भरलेलं शब्दकोडं होतं. रविवारचे पेपर आबा गाडीतच ठेवायचे. दोन वायरी कुरतडल्यात, त्या सेन्सरच्या आहेत म्हणे.

हवा भरली. तीन टायरांनी धरली, चौथ्याने सोडली, त्याला स्टेपनी लावली. मग शेजारची चार पोरं आली. गाडी न्यूट्रलला, मामेभाऊ स्टिअरिंगवर, मागे ढकलून फाटकाबाहेर काढली आणि बोळातच तोंड रस्त्याकडे केलं. मामेभावाला सांगितलं होतं की चावी लावून ठेव. विसरला. मध्येच स्टिअरिंग लॉक झालं आणि गाडी पेरूला जाऊन टेकली. पेरू ठीक आहे.

क्रेन मेस्त्रींनी सांगितली, शिरोलीकडून एक गाडी सोडून मोकळी येत होती. पुढची चाकं उचलणारी. १,१०० रुपये, लोडिंगसकट, आधी विचारून. मी फोटो काढत होते तर ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, ह्या गाडीला आणखी कुठं ओरखडा पडायला जागा आहे?’ आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प पट्टे आवळायला लागला. आबा क्रेनच्या केबिनमध्येच बसले, गुडघा असतानाही. वाटेत ड्रायव्हरला कुठं वळायचं ते सांगत होते, जसं काही त्याला उद्यमनगर माहीत नाही. मी स्कूटरवरून मागे. २५च्या पुढं काटा गेला नाही. संभाजीनगरपाशी सिग्नलला एक जण विचारत होता, ‘विकायला काढली काय?’

हिशेब: मेस्त्रींना यायचे आणि ठोकायचे ५००, क्रेन १,१००, पोरांना वडापाव आणि सरबत २४०. एकूण १,८४०. २,८०० आणि ३,५००च्या मानानं बरंच कमी. ते ४९९ अजून आलेले नाहीत. सातवा दिवस परवा आहे, बघू.

खडखडाट, छोटा हत्तीचा विचार मी खरंच केला होता, तेवढ्यात मोजपट्टींनी वाचवलं.

मोजपट्टी

पेट्रोल टाकीतून काढलं का?

कळंब्याची_लेक

काढलं. वास वार्निशचा येत होता. क्लच प्लेट चिकटली आहे, पंप बदलायला लागेल, मेस्त्रींनी १४,०००चा अंदाज दिलाय. त्याबद्दल वेगळा धागा काढते.

उद्यमनगरी

क्लच प्लेट कंपनीचीच टाका. गाडी कवा मिळनार?

कळंब्याची_लेक

पुढच्या शनिवारी म्हणाले. माझी रजा रविवारी संपते. तोवर आबा रोज सकाळी गॅरेजला जाऊन खुर्ची टाकून बसतात, मेस्त्रींना सूचना करतात. रिक्षाचे जाऊन-येऊन १५० होतात. परवापर्यंत मी चालू दिलं, आज हिशेब केला तर आठ दिवसांत क्रेनपेक्षा जास्त पैसे रिक्षात जाणार आहेत.